मगताई आणि खिंडीखालचा फाटा

आमच्या तरुण पदक योजनेत मोठ्या माणसांना मार्गदर्शक म्हणतात. हे नाव ज्यानं काढलं त्याची मला कमाल वाटते, कारण मार्गदर्शकानं जी एकच गोष्ट करायची नसते ती म्हणजे मार्ग दाखवणं. मुलं शाळेच्या वरच्या वर्गापासून पंचवीस वर्षांपर्यंतची. एखादं कौशल्य शिकायचं, कुणाच्या तरी उपयोगी पडायचं, शरीर कामाला लावायचं आणि शेवटी पाठीवर सामान बांधून मोहिमेवर जायचं, असे चार भाग. कांस्य, रौप्य, सुवर्ण असे टप्पे. कुणाची कुणाशी शर्यत नाही. काय करायचं आणि किती करायचं ते मुलानं स्वतः ठरवायचं, स्वतः पार पाडायचं. आपण जवळ बसायचं, ऐकायचं आणि जिभेला आवर घालायचा. हे शेवटचं किती जड जातं ते माझ्यासारख्याला विचारा. मी विमा विकतो. समोरच्यानं काय ठरवावं हे त्याला पटवून देण्यावरच माझं घर चालतं.

मला या कामात आणलं माझ्या बायकोनं, रविवारी घरात पायात पायात येतो म्हणून. आणि शिकवलं मगताईंनी.

मगताई बसडेपोच्या सीट खात्यात कामाला. डेपोच्या मागच्या बाजूला, बसगाड्या धुतात त्या फरशीपलीकडे, एक लांबट पत्र्याची शेड आहे. आत उघड्यावाघड्या सीटांचे सांगाडे एकमेकांवर रचलेले, कोपऱ्यात रेक्झिनच्या गुंडाळ्या, आणि जमिनीवर सगळीकडे पिवळ्या फोमचा चुरा. फाटलेलं रेक्झिन सोलायचं, खालचा फोम कुठे बसलाय ते हातानं चाचपायचं, नवा तुकडा घालायचा, वरून कापड ताणायचं आणि फळीच्या मागच्या बाजूला बारीक, चपट्या डोक्याचे खिळे ठोकायचे. या खिळ्यांना आपल्याकडे चुका म्हणतात. एका हातानं कापड ताणून धरलेलं, दुसऱ्या हातात हातोडी, मग चुका ठेवायच्या कुठे? ओठांत. मगताई सकाळी कामावर आल्या की मूठभर चुका तोंडात धरायच्या आणि एकेक काढून ठोकत राहायच्या.

त्यांच्या नावाची जन्मकथा इथेच आहे. ओठांत चुका धरलेल्या माणसाला फार बोलता येत नाही. तोंड उघडलं की खिळे सांडतात. पण 'मग' म्हणता येतं, कारण 'म'ला ओठ मिटलेलेच लागतात आणि 'ग' घशातून निघतो. कुणी ड्रायव्हर तणतणत यायचा, "ताई, माझी सीट बोचते." ताई वर न बघता म्हणायच्या, "मग?" "मग काय! कंबर गेली माझी." "मग?" "उजवीकडेच बोचते बघा." "मग?" ड्रायव्हर जरा थांबायचा, मागच्या खिशाला हात लावायचा आणि किल्ल्यांचा जुडगा बाहेर काढून गुपचूप निघून जायचा. सीट न उघडता दुरुस्त झालेली असायची.

घरी बोलायचं खातं नवऱ्याकडे. तो त्याच डेपोत मेकॅनिक, आणि इंजिन बंद असलं तरी याचं तोंड चालू. त्यामुळे ताईंना घरीही 'मग'वर भागवता यायचं. योजनेत त्या आल्या त्या मुलाला सोडायला. मुलाला वाटलं होतं पदक म्हणजे क्रिकेट. तसं काही नाही कळल्यावर तो काही आठवड्यांत पसार झाला. आई राहिली. का राहिलात, असं मी एकदा विचारलं. म्हणाल्या, "तिथे कुणी कुणाला गप्प बस म्हणत नव्हतं. मला बरं वाटलं."

जलतरण तलावाच्या इमारतीत वरच्या मजल्यावर आमची खोली आहे. खालून क्लोरीनचा वास येतो आणि प्रशिक्षकाची शिट्टी ऐकू येते. पहिल्याच रविवारी माझ्यासमोर एक मुलगा बसला. कौशल्य काय निवडू, असं त्यानं विचारायची खोटी, मी त्याला संगणक, इंग्रजी संभाषण आणि प्रथमोपचार या तिन्हींचे फायदे सांगून मोकळा झालो. तो मान डोलावत होता. माझ्या ऑफिसात गिऱ्हाइकं सही करण्याआधी अशीच मान डोलावतात, त्यामुळे मी खूश. मगताई मागे उभ्या होत्या. त्यांनी पर्समधून कागदाची पुडी काढली, माझ्या तळहातावर चुका ओतल्या आणि म्हणाल्या, "विमावाले, तोंडात धरा."

मला वाटलं गंमत करतायत. गंमत नव्हती. दुसरा मुलगा आला तेव्हा मी लोखंडाची चव घोळवत बसलो होतो आणि बोलत मगताई होत्या, म्हणजे बोलत नव्हत्या. मुलगा म्हणाला, "आई म्हणते गिटार शीक." "मग?" "शिकतो गिटार." "मग?" बराच वेळ काहीच नाही. खालून शिट्टी वाजली. माझ्या तोंडाला पाणी सुटलं होतं आणि ते गिळताना एखादी चूक पोटात जाईल या भीतीनं मी घामाघूम. मुलगा शेवटी म्हणाला, "मला खरं तर कुलपं उघडायला आवडतात." तोच मुलगा आज बाजारात किल्ल्या बनवतो आणि माझ्या घराचं कुलूप अडकलं तेव्हा आला होता. पैसे मात्र पुरेपूर घेतले.

आता त्यांच्या 'मग'बद्दल सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यावर अडलेलं आहे. मग तर सगळेच म्हणतात. उशिरा घरी आलेल्या पोराला आई जो 'मग?' म्हणते त्यात उद्याचा दिवसही वाईट जाणार हे कळतं. दुकानदाराच्या 'मग, काय देऊ?'मध्ये घाई असते. मित्राचा 'मग!' पाठीवर थाप मारतो. बायकोच्या 'मग?'विषयी मी लिहीत नाही. मगताईंचा 'मग' यांतला कुठलाच नव्हता. तो सपाट होता. शेवटी चढत नसे, पडत नसे. त्यांना हवं असलेलं उत्तर त्यात कुठेही लपलेलं नसे. नव्या मार्गदर्शकांना त्या हाच एक धडा द्यायच्या. "शब्द कुठलाही वापरा. पण आवाज चढला की संपलं. पोरं शब्द ऐकत नाहीत, आवाज ऐकतात."

आम्ही आरशासमोर उभे राहून 'मग' म्हणायचा सराव केलेला आहे. मला तो अजून जमत नाही. माझ्या 'मग'ला शेवटी हप्ता लागतो, असं त्या म्हणायच्या.

ज्या मोहिमेमुळे हे सगळं घडलं ती सुवर्ण टप्प्याची होती. गटात चार जण. दोन जुळे भाऊ, ज्यांना कुणी वेगळं ओळखत नसे आणि ज्यांना त्याची काही फिकीरही नव्हती. एक हडकुळी मुलगी, तिला सगळे पेन्सिल म्हणत. आणि चौथी मुकादम. हे नाव तिला जुळ्यांनी ठेवलेलं, कारण तंबूची दोरी कुणी कुठे बांधायची इथपासून भांडी कुणी घासायची इथपर्यंत सगळं ती नेमून द्यायची. मुकादम बेकरीत पॅकिंगच्या टेबलावर काम करायची. कॉलेज मध्येच सोडलेलं, टायपिंगचा क्लास मध्येच सोडलेला, एक ठरत आलेलं लग्नही तिनंच मध्येच सोडलेलं. घरी तिचा भाऊ तिला सरळ 'अर्धवट' म्हणून हाक मारायचा आणि आई हसायची. योजनेत मात्र ती सहा वर्षं टिकली होती. कांस्य झालं, रौप्य झालं, सुवर्णाचे तीन भाग झाले. उरली होती फक्त मोहीम, आणि पुढच्या मोसमाआधी तिला पंचविसावं संपत होतं. वय उलटलं की योजनेचं दार बंद. म्हणजे ही मोहीम धरली गेली तर पदक, नाहीतर हेही अर्धवट.

मोहिमेत गट पुढे चालतो. मार्गदर्शक दुरून मागे असतो, शक्यतो दिसतही नाही. धोका असेल तरच मध्ये पडायचं. बाहेरच्या कुणी मदत केली, वाट सांगितली, तर मोहीम धरली जात नाही. गटाला काही कारणानं ठरलेली वाट बदलावीशी वाटली तर तसं करता येतं, फक्त योजनेच्या पुढच्या चौकीवर निरोप ठेवायचा. हे सगळं मुलांना पाठ असतं.

शेवटच्या दिवशी मी पलीकडच्या गावातल्या शाळेच्या मैदानावर गाडी आणि पालक घेऊन थांबलो होतो. मगताई एकट्या गटाच्या मागे होत्या. दुपारी गट खिंडीखालच्या फाट्यावर आला. ठरलेली वाट वर, खिंडीतून. दुसरी वाट कालव्याच्या कडेनं, डोंगराला वळसा घालून जाते. सपाट आहे, पण लांबची. मगताई मागच्या टेकाडावर बसून बघत होत्या. गट फाट्यावर थोडा वेळ थांबला, नकाशा उघडला, आणि कालव्याच्या वाटेला लागला.

मागच्या मोसमात दुसरा एक गट त्याच फाट्यावर नकाशा चुकून कालव्याच्या कडेला लागला होता, आणि पुढे आणखी चुकत जाऊन एका पंपघरात रात्रभर कुडकुडत बसला होता. मगताईंच्या डोळ्यांपुढे ते आलं. हे त्यांनी नंतर आमच्यासमोर सांगितलं. त्या टेकाडावरून उतरल्या. थोडं पुढे गट पाठीवरचं सामान उतरवून सारखं करत बसला होता. मगताई त्यांच्यापाशी जाऊन उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "मग?"

चौघांनी एकमेकांकडे पाहिलं. मुकादमनं नकाशाची घडी घातली. मुकादम आणि पेन्सिल हळू आवाजात आपसात काही बोलल्या. सामान पाठीवर चढलं आणि गट मागे फिरून खिंडीच्या वाटेला लागला.

मैदानावर ते पोचले तेव्हा अंधार पडून बराच वेळ झाला होता. खिंड उतरताना पेन्सिलचा घोटा पार गेला होता. जुळे आळीपाळीनं तिला पाठीवर घेऊन उतरले. तिच्या बाबांनी तिला उचलून गाडीत बसवलं. दुसऱ्या दिवशी घोट्याचं हाड मोडल्याचं कळलं आणि त्यांनी तक्रार केली.

आमच्या समितीचे अध्यक्ष दातांचे डॉक्टर आहेत. त्यांच्यासमोर तोंड उघडायची वेळ आली की माणूस आपोआप खुर्चीचे हात धरतो. तसे त्या दिवशी सगळ्यांनीच धरले होते. टेबलाच्या एका बाजूला समिती, त्यात मार्गदर्शकांचा प्रतिनिधी म्हणून मी. समोर पेन्सिलचे बाबा, मगताई, मुकादम आणि जुळे. पेन्सिल प्लास्टर घालून घरी.

"माझी पोर लंगडत डोंगर चढली," पेन्सिलचे बाबा म्हणाले, "आणि या बाई मागून बघत होत्या."

"घोटा दुखावलाय हे मला माहीत नव्हतं," मगताई म्हणाल्या. ते खरं होतं. पेन्सिलनं इतरांना शपथ घातली होती. लंगडते म्हटलं तर गाडी बोलावतील आणि आपल्यापायी सगळ्यांची मोहीम संपेल, ही तिची भीती.

मग प्रश्न उरला त्या एका शब्दाचा, आणि तो सोपा नव्हता. 'मग?' ही सूचना नव्हती असं धरलं, तर गटानं आपली वाट आपण सुधारली, मोहीम पक्की, मुकादमला पदक. पण मग मगताईंनी चुकलेल्या पोरांना डोळ्यांदेखत चुकू दिलं, काही सांगितलं नाही, आणि सगळं खापर त्यांच्या डोक्यावर. उलट, ती सूचना होती असं धरलं, तर मगताईंनी वेळेवर लक्ष घातलं, त्या सुटल्या. पण वाट बाहेरच्या माणसानं दाखवली, म्हणून मोहीम बाद आणि मुकादमचं पदक गेलं.

"'मग' म्हणजे नेमकं काय?" डॉक्टरांनी विचारलं.

एवढी शिकलेली, कमावती माणसं टेबलाभोवती बसून एकमेकांना 'मग' म्हणून दाखवत होती. खजिनदारबाईंचा 'मग' ऐकून जुळ्यांपैकी एकाला हसू आलं, म्हणून दुसऱ्यानं त्याला कोपर मारलं. एक सदस्य म्हणाले, या शब्दात क्रियापद नाही, तेव्हा ही सूचना होऊच शकत नाही. डॉक्टर म्हणाले, माझी बायको क्रियापदाशिवाय मला घराबाहेर काढू शकते. मी म्हणालो की मगताईंचा 'मग' आम्ही सगळ्यांनी वर्षानुवर्षं ऐकलाय, तो सपाट असतो, त्यात सूचना नसते. मला वाटलं मी त्यांची बाजू घेतोय. त्यांची घेतोय की मुकादमची, हे बोलून झाल्यावर मलाच नीट कळेना.

मगताई उठून उभ्या राहिल्या. "त्या दिवशीचा सपाट नव्हता," त्या म्हणाल्या. "चढा होता. मी घाबरले होते. पोरं चुकलीत असं मला वाटलं आणि ते माझ्या आवाजात आलं. मी त्यांना वळवलं."

मुकादमकडे बघायची माझी हिंमत झाली नाही. हे सांगून मगताई स्वतः सुटत होत्या आणि मुलीला बुडवत होत्या. खजिनदारबाईंच्या चेहऱ्यावर ते स्पष्ट लिहिलेलं होतं. मला राग आला, आणि तो कुणावर काढावा ते सुचेना. त्यांना खोटं बोलता आलं असतं, पण ते त्यांच्याच्यानं होत नाही.

डॉक्टरांनी मुकादमला विचारलं, "तुमचं काय म्हणणं? तुम्ही कालव्याच्या वाटेला कसे लागलात?"

मुकादम टेबलाच्या कडेकडे बघत म्हणाली, "नकाशा चुकला. ताईंमुळे कळलं."

जुळे आपापल्या बुटांकडे बघत होते. दोघांना विचारलं तर दोघे एकदमच म्हणाले, "हो, तसंच."

निर्णय लगेच झाला. मोहीम बाद. मगताईंनी प्रसंगावधान राखलं म्हणून त्यांचं अभिनंदन, आणि तसं टिपणात लिहायचं ठरलं. पेन्सिलच्या बाबांनीही शेवटी त्यांना हात जोडले. मुकादम जिना उतरून गेली तेव्हा मगताई खिडकीशी उभ्या होत्या. मी जवळ गेलो तर म्हणाल्या, "विमावाले, आज काही बोलू नका." मी बोललो नाही. शिकवण फुकट गेली नव्हती.

प्लास्टर निघाल्यावर पेन्सिल डेपोत आली. हे मला पुढे मगताईंनीच सांगितलं. पेन्सिल शेडच्या दारात उभी राहिली, एका पायावर जास्त भार टाकून, आणि म्हणाली, "ताई, एक सांगायचंय. मुकादमनं सांगू नको म्हटलंय, पण मला झोप येत नाही."

"मग?" ताई म्हणाल्या. तोंडात चुका होत्या.

"आम्ही चुकलोच नव्हतो."

पेन्सिलचा घोटा सकाळीच मुरगळला होता. फाट्यावर मुकादमनं नकाशा उघडला, खिंडीचा चढ बघितला, पेन्सिलच्या पायाकडे बघितलं आणि ठरवलं, खिंड नको. कालव्याच्या कडेनं जाऊ. लांब आहे पण सपाट आहे, तिचं सामान आपण तिघं वाटून घेऊ, अंधारापूर्वी आरामात पोचू, पुढच्या चौकीवर वाट बदलल्याचा निरोप ठेवू. ते सामान वाटून घ्यायलाच ते थांबले होते. तेवढ्यात ताई आल्या, आणि म्हणाल्या, "मग?"

"तुमचा आवाज ऐकून ती पांढरीफटक पडली," पेन्सिल म्हणाली. "मी म्हटलं, आपण सांगू या ना ताईंना. तर ती म्हणाली, ताईंनी वरून काहीतरी बघितलं असणार. कालवा फुटला असेल, वाट बंद असेल. ताई उगाच असं म्हणणार नाहीत. आपलंच चुकतंय. चला मागे."

वाट बंद नव्हती. त्या दिवशी तिथून लोक सायकलवरून जात होते.

मुकादमनं समितीत खरं सांगितलं असतं तर? तर मगताईंनी एका लंगडणाऱ्या मुलीला चांगल्या वाटेवरून उठवून डोंगरावर पाठवलं, असं झालं असतं. पेन्सिलचे बाबा समोरच बसले होते. मगताई त्याच दिवशी योजनेबाहेर गेल्या असत्या. म्हणून मुकादमनं नकाशा चुकल्याचं स्वतःवर घेतलं, आणि सहा वर्षं ज्यासाठी घातली ते पदक सोडून दिलं. समितीपुढे येतानाच जिन्यात तिनं जुळ्यांना दम भरला होता, तोंड उघडलंत तर बघा.

मगताईंनी मला हे सांगितलं तेव्हा त्या रडत नव्हत्या, पण आवाज त्यांचा राहिला नव्हता. "ती मला वाचवायला गेली ते समजतं," त्या म्हणाल्या. "वाईट त्याचं नाही वाटत. वाईट याचं वाटतं की तिचं बरोबर होतं. नकाशा बघून, पाय बघून, सगळं बघून तिनं बरोबर ठरवलं होतं. आणि माझा आवाज चढल्याबरोबर ते टाकून दिलं. सहा वर्षं मी तिला स्वतःचं ऐकायला शिकवलं विमावाले, आणि ती ऐकत होती माझंच."

मी विमावाला आहे. नुकसान झाल्यावर यायचं आणि पंचनामा करायचा, एवढंच मला येतं.

दुसऱ्या दिवशी त्या डॉक्टरांच्या दवाखान्यात गेल्या. डॉक्टर एका म्हाताऱ्या गृहस्थांच्या दाढेत गुंतलेले होते. मगताईंनी त्या गृहस्थांच्या देखत सगळं सांगितलं, कारण बाहेर थांबल्या असत्या तर धीर सुटला असता. डॉक्टर म्हणाले, झालेला निर्णय उकरून काढू नका, त्या मुलीची इच्छाही तीच दिसतेय. मगताई म्हणाल्या, बाहेरून मदत झाली म्हणून मोहीम बाद केलीत ना? मदत झालीच नाही. मी अडथळा केला, आणि तो ओलांडून तिनं सगळ्यांना पोचवलं. दाढवाले गृहस्थ तोंड उघडं ठेवून ऐकत होते, त्यांना दुसरा इलाज नव्हता.

समिती पुन्हा बसली. या वेळी जुळ्यांना वेगवेगळं बोलावलं, आणि एकटे पडल्याबरोबर दोघांनी खरं सांगून टाकलं. मोहीम धरली गेली. मुकादमचं सुवर्णपदक मंजूर झालं. मगताईंना मार्गदर्शकाच्या कामातून मोकळं करण्यात आलं. 'मोकळं' हा शब्द मी सुचवला, कारण आधी लिहिलेला शब्द मला बघवत नव्हता. हात वर करायची वेळ आली तेव्हा तो मीही केला. नियम आमचाच होता आणि तो मला त्यांनीच शिकवला होता.

पत्र पोचवायला कुणी तयार होईना, म्हणून मी गेलो. शेडमध्ये त्या एका लांब मागच्या सीटवर काम करत होत्या. पत्र वाचून घडी घालून त्यांनी ते बाजूच्या रेक्झिनखाली ठेवलं आणि मला बसायला एक उघडा सांगाडा पुढे केला. मी टेकतोय तोच मुकादम आत आली. बेकरीतून तशीच आली होती, डोक्याला रुमाल, बाहीला मैदा.

"तुम्हाला कोणी सांगितलं होतं?" ती ओरडलीच. "कोणी सांगितलं होतं तुम्हाला तिकडे जायला?"

"बस आधी," मगताई म्हणाल्या.

"नाही बसणार! मी ठरवलं होतं, ताई. विचार करून ठरवलं होतं. पदक नको, तुम्ही राहायला हव्यात. नवी पोरं येतात त्यांना कोण बघणार? हे विमावाले?"

मी माझ्या बुटांकडे बघितलं.

"फाट्यावर मी ठरवलेलं तुम्ही फिरवलंत," ती म्हणाली. तिचा आवाज फाटला होता. "समितीत ठरवलेलं तेही फिरवलंत. माझं एक तरी राहू द्यायचं होतं!"

मगताईंनी हातोडी खाली ठेवली. "फाट्यावरचं तुझं होतं," त्या म्हणाल्या. "ते फिरवलं, त्याची माफी मागते. पण समितीतलं तुझं नव्हतं. दोष माझा होता. त्याचं काय करायचं ते तू कसं ठरवणार?"

मुकादम बाहीवरचा मैदा झटकत राहिली.

"पदकाच्या समारंभाला नीट कपडे घालून जा," मगताई म्हणाल्या. "घरच्यांना घेऊन जा. भावाला पुढच्या रांगेत बसव."

"जायचं की नाही ते माझं मी बघेन," मुकादम म्हणाली. "आणि कुणाला न्यायचं तेही."

"पाणी तरी पिऊन जा."

"नको."

ती वळली आणि धुण्याच्या फरशीवरून, पाण्यातून तशीच फटफट चालत गेली. मला फार वाईट वाटलं. ज्या बाईनं तिच्यासाठी आपलं सगळं सोडलं तिच्याशी हे असं बोलायचं? मी तसं म्हणूनही टाकलं. म्हटलं, "उद्धट आहे हो पोरगी."

मगताई दारापर्यंत जाऊन ती दिसेनाशी होईपर्यंत बघत राहिल्या. परत आल्या तेव्हा गाल ओले होते आणि त्या चक्क हसत होत्या. इतका आनंद मला त्यांच्या चेहऱ्यावर कधी दिसला नव्हता.

"बस म्हटलं, बसली नाही," त्या म्हणाल्या. "पाणी पी म्हटलं, प्यायली नाही. बघितलंत ना विमावाले? एक शब्द ऐकला नाही माझा."